बुद्धीची मोजणी आणि भरतीचे गणित

मालवणच्या किनाऱ्यावर जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारा. तो आधी तिथी विचारील आणि मग सांगेल, "तिथीची पाऊणपट कर, भरती कधी येतली ता समजतला." अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. त्या खगोलशास्त्रीय सत्याला कोकणाने पाव-पाऊणकीच्या एका वाक्यात बसवले आहे. वापरणारा एवढ्यावर थांबत नाही. उधाण आहे की भांग, मतलई वारा सुटला आहे की पडला आहे, पाण्याचा रंग कसा आहे, हे सगळे तो त्या सव्वाअकरात मिसळतो आणि होडी कधी लोटायची ते ठरवतो.

हा माणूस शाळेत चौथीपर्यंत गेलेला असू शकतो. त्याला टेबलाशी बसवून आकृत्यांची मालिका पूर्ण करायला सांगितली, दोन शब्दांतले साम्य विचारले, उलटे आकडे म्हणवून घेतले, तर जो गुणांक निघेल तो त्याच्या बुद्धीबद्दल किती सांगेल? मानसशास्त्र शंभराहून अधिक वर्षे या प्रश्नाशी झगडते आहे. त्यातून निघालेली उत्तरे आज सिंधुदुर्गातल्या मुलांच्या आयुष्यात रोज वापरली जातात. शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेत ती आहेत, नवोदयच्या प्रवेशात आहेत, दिव्यांग प्रमाणपत्रातही आहेत. म्हणून हा आढावा.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. मराठीत या गोष्टीला एक नाव नाही. बुद्धी, अक्कल, हुशारी, चलाखी, समज, धोरण, शहाणपण यांतला प्रत्येक शब्द निराळा गुण दाखवतो. पाढे घडाघडा म्हणणारे पोर हुशार, पण भांडण मिटवणारी आजी शहाणी. मालवणीत एखाद्याला 'शाणो' म्हणताना त्याचे गुणपत्रक कोणी पाहिलेले नसते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास लिहिला. शिक्षण आणि शहाणपण वेगवेगळे असू शकतात हे मराठी माणसाला चाचण्या येण्याच्या कितीतरी आधी माहीत होते. मानसशास्त्रातले बरेचसे वाद हेच ठरवण्यासाठी झाले की या शब्दांपैकी नेमका कोणता शब्द मोजायचा.

मोजणीची खरी सुरुवात पॅरिसमध्ये झाली. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते आणि नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले शिक्षकांना दिसू लागली होती. अशी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत द्यायची होती आणि ती ओळख केवळ शिक्षकाच्या मतावर सोडायची नव्हती. आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० कामांची एक श्रेणी तयार केली. पेटत्या काडीच्या मागे नजर नेणे हे पहिले, सोपे काम. पुढे आकडे लक्षात ठेवणे, चित्रातल्या वस्तू सांगणे, शब्दांचे अर्थ सांगणे. १९०८ च्या आवृत्तीत कामे वयानुसार लावली गेली आणि 'मानसिक वय' ही कल्पना रुजली. बिने १९११ मध्ये गेले. त्यांनी स्वतः हा गुण जन्मजात आणि कायमचा मानला नव्हता. बुद्धी वाढत नाही असे म्हणणाऱ्यांच्या निराशेविरुद्ध त्यांनी लिहिले आणि मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष, स्मृती आणि विचार यांचे व्यायाम सुचवले. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढे तीच सर्वांत आधी विसरली गेली.

१९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची युक्ती काढली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये बिनेची श्रेणी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुधारून घेतली आणि त्या भागाकाराला शंभराने गुणले. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ निघाले तर बुद्ध्यांक ८०. मोठ्या माणसांना हा हिशेब लागू होत नाही, कारण चाळिशीतल्या माणसाचे मानसिक वय वीस म्हणण्याला काही अर्थ नसतो. म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये भागाकार सोडून दिला. आजचा बुद्ध्यांक म्हणजे समवयस्कांच्या रांगेतली जागा. सरासरी १०० धरतात, प्रमाण विचलन १५. सुमारे दोन तृतीयांश माणसे ८५ ते ११५ मध्ये येतात आणि ७० च्या खाली शंभरात दोनेक. बुद्ध्यांक उंची किंवा वजनासारखा स्वतंत्र मोजता येत नाही. ज्या मुलांशी तुलना केली ती मुले बदलली की आकडाही बदलतो. पुढे ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना कशी भोवते ते येईलच.

अमेरिकेने बिनेचे साधन उचलले आणि हेतू मागे ठेवला. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांवर सैनिकांना लेखी आणि चित्रांच्या चाचण्या दिल्या गेल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी असल्याचे पुस्तक लिहिले. इंग्रजी न येणाऱ्या आणि अमेरिकेत नुकत्याच उतरलेल्या माणसांना अमेरिकी जीवनावरचे प्रश्न विचारून हा निष्कर्ष काढला होता. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. तोवर 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करणे १९२७ च्या बक विरुद्ध बेल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले होते.

याच काळात एक मराठी बाई बर्लिनमध्ये मानवी कवट्या मोजत होत्या. इरावती कर्वे यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्ववादी होते. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी, आणि त्यातून युरोपीय माणसाच्या तथाकथित तर्कश्रेष्ठतेशी, संबंध दिसावा अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या गुरूच्या मताविरुद्ध लिहिलेला तो निष्कर्ष होता. बुद्धीच्या मोजणीच्या कोणत्याही मराठी इतिहासात तो पहिल्या पानावर असायला हवा.

भारतात बिनेची श्रेणी आणणाऱ्यांत लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे सी. एच. राइस हे आरंभीचे. त्यांची हिंदुस्थानी श्रेणी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे नाव व्ही. व्ही. कामत यांचे. मुंबई इलाख्यातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिनेच्या श्रेणीची नवी बांधणी केली. १९३४ मध्ये त्यावर त्यांचा शोधनिबंध आला आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे इंग्रजी पुस्तक काढले. भारतीय मुलांच्या बुद्धीचे मापन हा त्याचा विषय. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही दवाखान्यांच्या अहवालांत दिसते. नुसते भाषांतर करून भागत नाही, प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना देऊन तो कोणत्या वयाला जमतो हे नव्याने ठरवावे लागते, हे कामतांनी त्या काळात ओळखले होते.

निरक्षर मुलांचे काय, हा प्रश्न सी. एम. भाटिया यांनी घेतला. १९५५ मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीसंचात पाच कामे आहेत: रंगीत ठोकळ्यांची नक्षी, ठोकळे सरकवणे, आकृती काढणे, ऐकलेले लगेच सांगणे, चित्राचे तुकडे जुळवणे. पुढे १९६९ मध्ये नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीचे भारतीय रूप तयार केले. शाळेच्या प्रशस्तिपत्रापासून ते शासकीय प्रमाणपत्रापर्यंत महाराष्ट्रातल्या हजारो मुलांचे आकडे याच चाचणीतून निघाले आहेत. आणि पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुले निवडून त्यांना समाजासाठी घडवावे या विचाराने. तिथल्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्ड यांच्या प्रतिमानावर आधारित मराठी चाचण्या विकसित केल्या. एका सिद्धान्ताचा हात धरून मराठीत इतके दीर्घ काम दुसरीकडे फारसे झालेले नाही.

आता सिद्धान्तांकडे वळू. इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये एक गोष्ट दाखवली ती आजवर कोणाला खोडता आलेली नाही. एका बौद्धिक कामात चांगली असणारी मुले सरासरीने दुसऱ्यातही चांगली निघतात. भाषा, गणित, आकृत्या सगळ्यांचे गुण एकमेकांना धरून असतात. यामागे एक सामान्य घटक आहे असे त्यांनी मांडले. लुईस थर्स्टन यांनी १९३८ मध्ये एकाऐवजी सात मूलभूत क्षमता सांगितल्या: शब्दांचे आकलन, शब्दांचा ओघ, अंकांचे काम, अवकाशाची जाण, स्मृती, निरीक्षणाचा वेग आणि तर्क.

या सातांपैकी शब्दांचा ओघ कसा असतो हे पाहायचे असेल तर सिंधुदुर्गात प्रयोगशाळेची गरज नाही. जत्रेत रात्री दशावतार पाहावा. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळांच्या नटांपुढे लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे ते ठरते, कोणी कोणते पात्र घ्यायचे ते ठरते आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. समोरच्या पात्राने पुराणातला एखादा मुद्दा अडवून धरला तर त्याच क्षणी, त्याच भारदस्त भाषेत, कथानक न मोडता उत्तर द्यावे लागते. जॉय पॉल गिलफर्ड यांनी १९५० मध्ये मानसशास्त्रज्ञांना बजावले की तुमच्या चाचण्या एकच बरोबर उत्तर शोधणाऱ्या विचाराला मोजतात, अनेक उत्तरे काढणारा विचार त्यांतून सुटतो. १९६७ मध्ये त्यांनी बुद्धीचे १२० घटक मांडले. एवढे घटक आकडेवारीने सिद्ध झाले नाहीत, पण मूळ तक्रार खरी होती. दशावतारी नटाची जी ताकद आहे तिला नेहमीच्या बुद्ध्यांकात जवळजवळ जागा नाही.

रेमंड कॅटल यांनी केलेली विभागणी मात्र टिकली, आणि तिचे उत्तम उदाहरण आपण सुरुवातीलाच पाहिले. तिथीची पाऊणपट ही साठलेली बुद्धी: पिढ्यांनी शोधलेले, एकाने दुसऱ्याला दिलेले, वय वाढेल तसे पक्के होणारे ज्ञान. अनोळखी खाडीच्या तोंडाशी वारा अचानक फिरला, पूर्वीचा कोणताही नियम लागू होत नाही, आणि त्या क्षणी होडी कशी वळवायची ते सुचते, ती प्रवाही बुद्धी. ती तरुणपणी जास्त असते आणि पुढे हळूहळू उतरते. जॉन कॅरल यांनी १९९३ मध्ये साडेचारशेहून जास्त आकडेसंचांचे पुन्हा विश्लेषण करून तीन थरांची इमारत उभी केली: वर सामान्य घटक, मधे प्रवाही आणि साठलेल्या बुद्धीसारख्या सात-आठ मोठ्या क्षमता, खाली असंख्य बारीक कौशल्ये. आजच्या बहुतेक चांगल्या चाचण्या या आराखड्यावर उभ्या आहेत. एकूण वादात स्पिअरमन आणि थर्स्टन दोघेही आपापल्या मजल्यावर बरोबर निघाले.

शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत मात्र सर्वांत जास्त नाव ऐकू येते ते हॉवर्ड गार्डनर यांचे. १९८३ मध्ये त्यांनी सात बुद्धिमत्ता सांगितल्या, त्यांत संगीताची, शरीराची, माणसे ओळखण्याचीही. निसर्ग ओळखणारी आठवी नंतर जोडली. शाळेत मागे बसणाऱ्या मुलाकडे आदराने पाहायला या मांडणीने हजारो शिक्षकांना शिकवले, ते ऋण मी मानते. पण शास्त्र म्हणून ती कमकुवत आहे. या बुद्धिमत्ता एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे मोजून दाखवलेले नाही, आणि जिथे मोजायचा प्रयत्न झाला तिथे पुन्हा तोच सामान्य घटक वर आला. 'हे मूल शारीरिक बुद्धीचे, याला गणित कशाला' असा अर्थ कोणी काढला तर गार्डनर यांच्या नावाने मुलाचे नुकसान होते. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८५ मध्ये विश्लेषण, सर्जन आणि व्यवहार अशी तिहेरी मांडणी केली. व्यवहारातली बुद्धी वेगळी तपासली पाहिजे हा त्यांचा आग्रह आपल्या किनाऱ्यासाठी फार मोलाचा आहे. आणि ओडिशात जन्मलेले जे. पी. दास यांनी बुद्धीला गुणांच्या यादीऐवजी मेंदूच्या प्रक्रिया म्हणून पाहिले: नियोजन, अवधान, अनेक गोष्टी एकदम पाहणे आणि एकामागून एक ओवणे. वाचनात अडखळणाऱ्या मुलाचे नेमके कुठे अडते हे या मांडणीतून जास्त नीट कळते. नुसत्या एका आकड्यापेक्षा शिक्षकाच्या हाती ती जास्त काही देते.

आता सुरुवातीच्या मालवणच्या होडीवाल्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. तोच प्रश्न टॉमस ग्लॅडविन यांनी प्रशांत महासागरातल्या पुलुवाट बेटावर विचारला. तिथले नाविक होकायंत्र आणि नकाशाशिवाय शेकडो मैल जात. तारे कुठे उगवतात, लाटा कोणत्या दिशेने येतात, आणि नजरेआड असलेले एखादे बेट होडीच्या बाजूने मागे सरकत आहे अशी कल्पना, यांवर त्यांचा मार्ग ठरे. ग्लॅडविन यांचे पुस्तक १९७० मध्ये आले. अमेरिकेतली गरीब मुले बुद्धिचाचण्यांत मागे का पडतात हे त्यांना समजून घ्यायचे होते. त्यांना आढळले की नाविकांचा विचार अत्यंत अमूर्त आणि गुंतागुंतीचा आहे, फक्त चाचणीला जे हवे असते, म्हणजे पूर्वी न पाहिलेल्या कोड्यावर नवे डोके लढवणे, ते त्यांच्या कामात क्वचित लागते.

लायबेरियातल्या क्पेले शेतकऱ्यांचा किस्सा याहून बोलका आहे. त्यांना वस्तूंचे गट करायला सांगितले तेव्हा त्यांनी चाकू फळाबरोबर ठेवला, कारण चाकूने फळ कापतात. शहाणा माणूस असेच करील, असे ते म्हणाले. 'मूर्ख कसे करील?' असे विचारताच त्यांनी फळे एकीकडे, हत्यारे एकीकडे अशी नेटकी मांडणी करून दाखवली. चाचणीला पूर्ण गुण मिळवून देणारी मांडणी त्यांना येत होती. ती त्यांना मूर्खपणाची वाटत होती. कोयता आणि माड यांत साम्य काय, असे आपल्याकडच्या एखाद्या मुलाला विचारले आणि त्याने 'कोयत्यान माडाचे नारळ काढतत' असे सांगितले, तर तो चुकला म्हणायचे का? (हे उदाहरण मी बनवले आहे. खऱ्या चाचण्यांतले प्रश्न उघडे केले की चाचणी निकामी होते, म्हणून कोणीही ते छापू नयेत.)

ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब शाळेच्या शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्क्यांवर आले आणि नुसत्या आकड्यांच्या बेरीज-गुणाकारांत ३७ टक्क्यांवर. १९८५ चा हा अभ्यास फक्त पाच मुलांवरचा, म्हणून छोटा मानला जाई. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मोठ्या संख्येच्या मुलांवर तसेच काम केले आणि तेच आढळले. बाजारात अचूक हिशेब करणारी मुले कागदावर अडली. उलट बाजारात न गेलेली शाळकरी मुले कागदावर चांगली असून बाजारातल्या हिशेबाला अडली. दोन्ही बाजूंना नुकसान आहे. मालवणच्या मासळी बाजारात आईशेजारी बसून वाट्यांचे भाव सांगणाऱ्या मुलीला वर्गात भागाकार येत नसेल, तर तिला डोके नाही असे म्हणण्याआधी तिच्या दोन्ही गणितांमध्ये पूल बांधायला हवा. तो बांधणे शिक्षकाचे काम आहे, आणि चाचणी दिल्याने ते होत नाही.

गरिबीचाही हिशेब यात धरावा लागतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना आकृत्यांची चाचणी दोनदा दिली गेली, एकदा तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि एकदा ऊस गेल्यावर. तीच माणसे पैसा नसताना स्पष्टपणे कमी गुण मिळवत होती. २०१३ चा हा अभ्यास सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डार शाफीर, आनंदी मणी आणि जियायिंग झाओ यांचा. त्याच्या आकडेशास्त्रावर हरकतीही घेतल्या गेल्या, आणि तो मोठ्या माणसांवरचा आहे, मुलांवरचा नाही. तरीही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, आणि त्याच दिवसांत शाळा सुरू होते. घरात आवक थांबलेली असताना घेतलेल्या चाचणीच्या अहवालावर ती कोणत्या महिन्यात घेतली हे ठळक लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा नक्कीच रास्त आहे. आणि जातीबद्दल कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला उत्तर प्रदेशातला प्रयोग विसरता येत नाही. भूलभुलैयाची कोडी सोडवताना मुलांच्या जाती सर्वांसमोर उच्चारल्या नाहीत तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. जाती उच्चारताच दलित मुलांचे गुण घसरले.

आपल्या जिल्ह्यात 'बुद्धिमत्ता चाचणी' हे शब्द घराघरात पोचले ते शिष्यवृत्ती परीक्षेमुळे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न आणि १०० गुण असतात. सावंतवाडी तालुक्यातल्या सांगेलीच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जायचे तर निवड चाचणीत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमतेचे. या परीक्षा गुणी मुलांना गरिबीतून वर काढतात आणि त्यांचा मला मनापासून आदर आहे. पण त्या बुद्ध्यांक सांगत नाहीत. त्यांतली आकृत्यांची कोडी सरावाने लक्षणीय सुधारतात. ज्या वाडीत शिक्षक संध्याकाळी थांबून सराव घेतात तिथली मुले यादीत येतात, आणि जिथे कोणी थांबत नाही तिथली येत नाहीत. 'याला बुद्धिमत्तेत कमी गुण' याचा घरी जो अर्थ लावला जातो, तो त्या पेपरातून निघत नाही.

उलट बाजूचा गैरसमजही दूर व्हायला हवा. २०१२ मध्ये स्वतंत्र कोकण मंडळ झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात ते सातत्याने पहिले आहे. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकणाचा ९८.८२, २०२४ मध्ये ९५.८१ आणि ९९.०१. यावरून कोकणी माणसाची बुद्धीच जास्त, असे वर्तमानपत्रांतून आणि सभांतून बोलले जाते. ते ऐकायला सुखद वाटते, पण आकडे ते सांगत नाहीत. मंडळ राज्यात सर्वांत लहान आहे, मुलांना नावाने ओळखणारे शिक्षक आहेत, २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती. शाळेतल्या गुणांचा बुद्ध्यांकाशी संबंध असतो, पण गुणांतल्या फरकापैकी साधारण पाव भागच त्याने उलगडतो. बाकीचा तीन चतुर्थांश भाग मेहनतीचा, घराचा, शाळेचा, तब्येतीचा असतो.

मोजणीचा खरा उपयोग जिथे आहे तिथे आता येते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला निवृत्तिवेतन, प्रवास सवलत, विशेष शिक्षण मिळते ते प्रमाणपत्रामुळे. वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता असलेल्या मुलाला परीक्षेत जास्त वेळ आणि लेखनिक मिळतो तो अहवालामुळे. अशा सवलती औपचारिकपणे देण्यात १९९६ पासून महाराष्ट्र देशात पुढे होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर २०१८ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमता ठरवण्याआधी बुद्ध्यांक ८५ च्या वर आहे हे पाहायचे, आणि त्यासाठी मालिन यांची चाचणी किंवा वेक्सलरची आवृत्ती वापरायची. बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी मात्र सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीवर ठरते: मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून वस्तू आणते का. ही पद्धत योग्य आहे. बिनेच्या मूळ हेतूच्या तो जवळ जातो.

अडचण सगळी तुलनेच्या मुलांत आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवले की अनेक देशांत बुद्धिचाचण्यांतली कामगिरी दर दशकात सुमारे तीन गुणांनी वाढत गेली. शाळा वाढल्या, आहार सुधारला, चित्रे आणि आकृत्या रोजच्या झाल्या. म्हणून चाचणीची तुलना-कोष्टके ठराविक वर्षांनी नवी करावी लागतात. मालिन यांची कोष्टके १९६९ ची. वाढीचा तोच वेग आपल्याकडे धरला तर आजच्या मुलांत ८० वर असलेले मूल त्या जुन्या कोष्टकात ९५ च्या पुढे दिसेल. ज्याला मदतीची गरज आहे ते मूल 'सामान्य' ठरून परत पाठवले जाईल, आणि घरी त्याला आळशी म्हटले जाईल. हे प्रत्यक्ष आयुष्यातले नुकसान आहे.

भाषेची अडचण त्यावर आणखी एक. देवगड, मालवण, वेंगुर्ल्यातली पाच-सहा वर्षांची अनेक मुले घरी मालवणी बोलतात. प्रमाण मराठीतला 'फरक सांग' हा प्रश्न त्यांना अर्धा परका असतो. परीक्षकाने तो मालवणीत विचारला तर ती चाचणी प्रमाणित राहत नाही. नाही विचारला तर मोजली जाते ती मराठी शिकल्याची मात्रा. चाचणी घेणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ जिल्ह्यात सहज मिळत नाही, म्हणून पालक मुलाला घेऊन ओरोसला जातात, नाहीतर थेट गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला. चार तासांच्या प्रवासाने दमलेले, अनोळखी खोलीत अनोळखी माणसासमोर बसलेले सात वर्षांचे पोर काय उत्तरे देणार? चांगला मानसशास्त्रज्ञ हे ओळखतो आणि अहवालात लिहितो. प्रत्येकाकडे तेवढा वेळ नसतो.

या सर्व वाचनाअंती माझे मत असे झाले आहे. बुद्ध्यांक खोटा नाही. तो शाळेतल्या यशाचा अंदाज इतर कोणत्याही एका आकड्यापेक्षा बरा देतो आणि अनेक अडलेल्या मुलांना त्याने हक्काची मदत मिळवून दिली आहे. पण तो एका वेळी, एका भाषेत, एका जुन्या कोष्टकाशी केलेल्या तुलनेतून आलेला अंदाज आहे. कामतांनी १९३४ मध्ये मराठी मुलांसाठी जे कष्ट घेतले ते आज नव्याने घेणे ही राज्याची जबाबदारी आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी बोलणारी मुले ज्यांत मोजून घेतलेली आहेत अशी ताजी मराठी कोष्टके हवीत. आपली विद्यापीठे आणि परीक्षा परिषद यांनी मिळून ठरवले तर ते पाच वर्षांत होऊ शकते.

तोवर पालकांना एवढेच सांगते. मुलाचा अहवाल हातात आला की कोणती चाचणी दिली, तिची कोष्टके कोणत्या सालची आहेत आणि ती कोणत्या भाषेत घेतली, हे न संकोचता विचारा. अहवालात मुलाला काय जमते हे लिहिलेले नसेल तर ते लिहून मागा; तो तुमचा हक्क आहे. शंका असेल तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा चाचणी करून घ्या. आणि तो आकडा शाळेत, वाडीत, लग्नकार्यात कोणालाही सांगत फिरू नका. तो तुमच्या मुलाचा आहे.